वीस रुपयांचा फरक

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी भांडी आवरून बसल्या असाल, कुणी मोबाईलवर रेडिओ लावून खुरपत असाल. हात थांबवू नका, नुसतं ऐका.

मी बचत गटांची समन्वयक. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. विज्ञानाचं पुस्तक दहावीला मिटलं ते मिटलंच. त्यामुळे आज मी रेडिओवर संगणकातली चोरी, हवामानाचं गणित आणि जंतू यांच्याबद्दल बोलणार म्हटल्यावर माझा मुलगा हसला. पण या तिन्ही गोष्टी माझ्यापर्यंत आल्या त्या आपल्या वहीमुळे. म्हणून सुरुवात वहीपासून करते, आणि माझ्या एका वाईट सवयीपासून.

महिन्याची बैठक संपत आलेली असते. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते आले, उशिरा येणाऱ्यांचा दंड आला. कोषाध्यक्ष रोकड मोजते, सचिव वहीतली बेरीज वाचते, आणि दोन्हींत वीस रुपयांचा फरक निघतो. पुन्हा मोजायचं. पुन्हा वीसच. तोवर अंधार पडलेला. कुणाची म्हैस धारेची, कुणाच्या घरून पोरगं बोलवायला आलेलं. मग मी काय करायचे? पर्समधून वीसची नोट काढायची, रोकडीत टाकायची आणि म्हणायचे, “झालं बाई, जुळलं.” सगळ्या खूश होऊन उठायच्या. मलाही वाटायचं, समन्वयक असावी तर अशी.

आपल्या पंचसूत्रीत ‘नियमित लेखे’ आहे. पदरचे पैसे टाकून लेखे जुळवा असं त्यात कुठंच नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण वीस रुपये म्हणजे काय हो?

गेल्या वर्षी आमचं डिजिटल व्यवहारांचं प्रशिक्षण होतं. जेवणानंतरचं सत्र, निम्म्या जणी पेंगत होत्या, मीही. तेव्हा प्रशिक्षकांनी क्लिफर्ड स्टोल नावाच्या माणसाची गोष्ट सांगितली आणि माझी झोप उडाली.

ही गोष्ट १९८६ सालची. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये लॉरेन्स बर्कली नावाची मोठी प्रयोगशाळा आहे. त्या वेळी संगणक घरोघरी नव्हते. एक मोठा संगणक असायचा, अनेक शास्त्रज्ञ फोनच्या तारेवरून तो वापरायचे, आणि जितका वेळ वापरला तितकं बिल. आपल्या पिठाच्या गिरणीसारखं. ज्याचं जेवढं दळण तेवढे त्याचे पैसे. स्टोल मुळात तारे बघणारा खगोलशास्त्रज्ञ. त्या कामाचा पैसा संपला म्हणून त्याला संगणक विभागात पाठवलं होतं. तिथं वापराचा हिशेब ठेवणारे दोन प्रोग्राम होते. म्हणजे समजा, दोन वह्या. आणि त्या दोन वह्यांत फरक येत होता पाऊण डॉलरचा. त्या वेळच्या भावानं आपले नऊ-दहा रुपये! साहेबांनी नव्या माणसाला सांगितलं, बघ जरा हे कुठं चुकतंय.

मी असते तर काय केलं असतं ते तुम्हाला आता माहीत आहे.

स्टोलनं मात्र शोधलं. त्याला सापडलं की ‘हंटर’ नावाच्या कुणीतरी संगणक काही सेकंद वापरला होता आणि त्याचं बिल कुणाच्याच नावावर पडत नव्हतं. अशा नावाचा माणूस प्रयोगशाळेत नव्हताच. त्यानं ते नाव काढून टाकलं. तरी येणारा येतच राहिला, आता एका जुन्या कर्मचाऱ्याच्या नावानं, आणि तो कर्मचारी तर केव्हाच परदेशी गेलेला! मग स्टोलनं एका शुक्रवारी इतरांच्या टेबलांवरची छपाईची यंत्रं गोळा करून आणली, संगणकाकडे येणाऱ्या प्रत्येक तारेला एकेक जोडलं आणि स्वतः तिथंच खाली झोपला. चोर जे जे टाइप करेल ते सगळं कागदावर उमटत गेलं. चोराला याचा पत्ता नाही.

कागदांवरून दिसलं की हा माणूस पैशाच्या मागे नाही. या संगणकातून तो पुढे लष्कराच्या संगणकांत शिरत होता आणि तिथं अणुबॉम्ब, क्षेपणास्त्रं असे शब्द शोधत होता. त्यानं चारशेहून अधिक संगणकांची दारं वाजवली आणि तीसेक ठिकाणी तो आत गेला. कसा गेला, हे ऐकून तर मी कपाळावर हात मारला. बऱ्याच ठिकाणी त्यानं काही हुशारीच केली नव्हती. संगणक कारखान्यातून येतो तेव्हा त्याला एक साधा पासवर्ड घातलेला असतो, तो मालकानं बदलायचा असतो. लोकांनी बदललेलाच नव्हता. लष्कराच्या लोकांनी! म्हणजे दाराला कुलूप लावलंय आणि किल्ली तिथंच खिळ्याला टांगलीय. तुम्ही हसू नका. एटीएम कार्डाच्या पाकिटावर पेनानं पिन लिहून ठेवणाऱ्या चार जणी माझ्याच गटांत आहेत.

स्टोल अमेरिकेच्या केंद्रीय पोलिसांकडे, म्हणजे एफबीआयकडे गेला. त्यांनी विचारलं, नुकसान किती? पाऊण डॉलर म्हटल्यावर त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. चोर तारेवर दोन-चार मिनिटंच थांबायचा, तेवढ्यात फोन कुठून आलाय ते सापडायचं नाही. यावर तोड काढली ती स्टोलबरोबर राहणाऱ्या मार्थानं. ती कायद्याची विद्यार्थिनी. तिचं म्हणणं असं की त्याला हवी आहेत ती कागदपत्रं आपणच खोटी बनवून ठेवू. तो वाचत बसेल. तसंच झालं. चोर खोटी कागदपत्रं वाचत बसला आणि फोनचा माग निघत निघत समुद्रापलीकडे जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात पोचला. मार्कुस हेस नावाचा तरुण होता. तो आणि त्याचे साथीदार मिळालेली माहिती सोव्हिएत रशियाच्या केजीबी या गुप्तहेर संस्थेला विकत होते. १९९० मध्ये जर्मनीतल्या न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं.

स्टोलनं यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थ ‘कोकिळेचं अंडं’. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळी ते आपलंच समजून उबवते, तसं हेसनं आपला एक प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकात ठेवला होता आणि संगणक तो आपलाच समजून चालवत होता.

मला वाटलं होतं, ही गोष्ट ऐकून मी दुसऱ्या दिवसापासून सुधारेन. नाही सुधारले, खरं सांगते. त्या महिन्यातही माझ्याच वस्तीवरच्या गटात वीस कमी आले आणि मी टाकले. मनात म्हटलं, आपल्या गटात कुठला आलाय रशियाचा हेर!

पुढची गोष्ट पावसाच्या अंदाजावरून निघाली. जूनमध्ये मोबाईलवर जोरदार पावसाचा संदेश आला, लोकांनी सोयाबीन पेरलं, आणि आमच्या शिवारात नुसता शिडकावा झाला. सासरे हवामान खात्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. त्याच आठवड्यात कृषी विज्ञान केंद्रातल्या एक बाई गटाच्या मेळाव्याला आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, तुमचा अंदाज चुकतोच कसा? त्यांनी मला वहीच दाखवायला लावली आणि एडवर्ड लॉरेंझ यांची गोष्ट सांगितली.

हे लॉरेंझ अमेरिकेतले हवामानशास्त्रज्ञ. १९६१ साली त्यांच्याकडे टेबलाएवढा एक संगणक होता. त्यात त्यांनी लुटुपुटीचं हवामान तयार केलं होतं. आपण लहानपणी भातुकली खेळायचो ना, खरी चूल नाही, खरा भात नाही, पण आधी काय आणि मग काय हे सगळं बरोबर, तसंच. वारा, तापमान यांच्या जागी बारा आकडे, आणि एका आकड्यातून दुसरा कसा निघतो याचे नियम. संगणक दिवसामागून दिवस पुढचं हवामान छापत जायचा. याला शास्त्रज्ञ सिम्युलेशन म्हणतात. (त्या संगणकासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या दोन बाया होत्या, आधी मार्गारेट हॅमिल्टन आणि नंतर एलेन फेटर. हॅमिल्टनबाईंनी पुढे चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या प्रोग्रामचं काम पाहिलं. हे त्या बाईंनी मुद्दाम सांगितलं म्हणून मीही सांगते.)

एक दिवस लॉरेंझना जुनाच हिशेब पुन्हा बघायचा होता. सुरुवातीपासून कशाला, म्हणून त्यांनी मधल्या एका दिवसाचे छापील आकडे घेतले, संगणकाला दिले आणि कॉफी प्यायला गेले. तासाभरानं येऊन बघतात तर आधीच्या हवामानाशी काही मेळच नाही. नियम तेच, आकडे तेच. पहिल्यांदा वाटलं, यंत्र बिघडलं. मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली. आरंभी दोन्ही सारखे. मग शेवटच्या अंकात एकाचा फरक. पुढे तो फरक साधारण दर चार दिवसांनी दुप्पट होत गेलेला, सावकाराच्या व्याजासारखा. दुसऱ्या महिन्यात तर एकीकडे ऊन, दुसरीकडे वादळ.

कारण काय होतं? संगणकाच्या पोटात आकडा होता ०.५०६१२७. कागदावर जागा वाचावी म्हणून छापला जायचा ०.५०६. लॉरेंझनी तोच भरला. किती सोडलं त्यांनी? बाईंनी मला हिशेब करून दाखवला, चार हजार रुपयांत एक रुपया.

१९६३ मध्ये त्यांनी हे छापलं. पुढे १९७२ मध्ये त्यांच्या एका भाषणाच्या नावातच प्रश्न होता की ब्राझीलमध्ये फुलपाखरानं पंख हलवले तर टेक्सासमध्ये वादळ होईल का. ते फुलपाखरू तेव्हापासून जगभर उडतंय. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच की आजचं ऊन, वारा, ओलावा आपल्याला कधीच शेवटच्या अंकापर्यंत मोजता येत नाही, म्हणून लांबचा अंदाज कच्चाच राहतो. यावर उपाय म्हणून आता शास्त्रज्ञ सुरुवातीचे आकडे थोडे थोडे बदलून तेच हवामान संगणकात पुष्कळदा चालवतात. बहुतेक वेळा पाऊस आला तर म्हणतात शक्यता जास्त. थोड्या वेळा आला तर शक्यता कमी. ‘शक्यता’ हा शब्द ते अंग काढून घ्यायला वापरत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मेघदूत नावाचं मोबाईल ॲप आहे, त्यावर दर मंगळवारी आणि शुक्रवारी आपल्या भागासाठी शेतीचा सल्ला येतो, पुढच्या पाच दिवसांचा अंदाज धरून. तो जुना सल्ला आठवडाभर धरून बसू नका, नवा आला की नवा बघा. सासऱ्यांना मी हे सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच बोलले.

आता जंतूंची गोष्ट. ही तर आपल्या स्वयंपाकघरातली.

माझी भाची तालुक्याच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. करते. ती दिवाळीत आली तेव्हा मी चायना ग्रास भिजवत होते, दुधाच्या वड्या करायला. ती म्हणाली, “मावशी, हेच तर आम्ही लॅबमध्ये वापरतो, जंतू वाढवायला!” मला आधी किळसच आली. मग तिनं समजावलं. आपल्याला लघवीला जळजळ होते, डॉक्टर ‘कल्चर’ करायला सांगतात आणि रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी देतात. ते दोन-तीन दिवस काय चाललेलं असतं? बशीत अगर नावाची जेली असते, म्हणजे हेच चायना ग्रास, समुद्रातल्या शेवाळापासून काढलेलं. त्यात जंतूंना लागणारं खाणं मिसळतात, वरून लघवीचा थेंब पसरतात आणि बशी अंगाच्या उबेएवढ्या उबेत ठेवतात. एकेका जंतूची वाढून वाढून डोळ्यांना दिसेल एवढी टिकली होते. मग कुठला जंतू आणि कुठलं औषध त्याला लागू पडेल ते ठरवता येतं. म्हणून कल्चर सांगितलं असेल तर नमुना द्यायच्या आधी उरलेल्या गोळ्या मनानं घेऊ नका. जंतू अर्धमेले झाले तर बशीत काही उगवतच नाही. आणि असं पुष्कळ जणी करतात.

हे अगर आलं कुठून? १८८१ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख हे मोठे शास्त्रज्ञ होते, पुढच्याच वर्षी त्यांनी क्षयरोगाचा जंतू दाखवून दिला. त्यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेस नावाचे डॉक्टर हवेतल्या जंतूंचा अभ्यास करायला गेले होते. हे हेस वेगळे, मघाच्या चोराशी त्यांचा संबंध नाही. तेव्हा जंतू वाढवायला जिलेटिन वापरायचे, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. ते उन्हाळ्यात वितळायचं. अंगाच्या उबेलाही वितळायचं. शिवाय काही जंतू तेच खाऊन पातळ करायचे. डॉक्टर वैतागले. घरी मात्र बायकोनं केलेल्या जेली ऐन उन्हाळ्यातही घट्ट असायच्या, म्हणून त्यांनी तिला विचारलं, हे कसं?

तिचं नाव फॅनी. जन्म अमेरिकेतला. लहानपणी न्यूयॉर्कला त्यांच्या शेजारी जावा बेटावरून आलेलं एक डच कुटुंब होतं आणि जावाकडच्या गरम हवेत जेली करायला अगर वापरतात हे तिला त्या शेजाऱ्यांकडून कळलेलं. उकळत्या पाण्याच्या जवळपास नेल्याशिवाय ते एकदा घट्ट झालेलं पुन्हा वितळत नाही, आणि बहुतेक जंतूंना ते पचत नाही. आज जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत, तुमच्या तालुक्याच्या लॅबमध्येसुद्धा, फॅनीबाईंचीच ती जेली आहे. कॉखसाहेबांनी १८८२ च्या लेखात अगरचा उल्लेख केला, पण बाईंचं नाव घातलं नाही. हेस कुटुंबाला त्यातून पैसाही मिळाला नाही. फॅनी नवऱ्याच्या लेखांसाठी जंतूंची चित्रं काढायची, घर बघायची. १९३४ साली ती वारली.

भाची गेल्यावर मला एकच गोष्ट डोक्यात राहिली. त्या डॉक्टरनं बायकोला विचारलं. ती माहिती तिच्याकडे कितीतरी वर्षं होती, कुणी विचारलं नव्हतं म्हणून ती तिच्याजवळच होती.

पुढच्या बैठकीला फरक आला तीस रुपयांचा. मी पर्स उघडली, आणि बंद केली. त्या महिन्यात काही बोलले नाही. त्यानंतरच्या बैठकीत मात्र सतरंजीवर सगळ्यांचे पैसे एकदम टाकायचं बंद केलं. एक स्टीलचं ताट मधे ठेवलं. एकीनं पैसे ताटात मांडायचे, कोषाध्यक्षानं मोठ्यानं मोजायचे, सचिवानं लिहायचं, मग दुसरीची पाळी. एका वहिनींची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “माझे घरी राहिले, उद्या देते.” मी मान हलवली आणि काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले.

चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं. वहिनी आधी गप्प. मग रडायला लागल्या. चार-पाच महिन्यांपूर्वी त्यांना फोन आला होता. तुमच्या योजनेचा हप्ता थांबलाय, केवायसी राहिलंय, मोबाईलवर आलेला नंबर सांगा. त्यांनी सांगितला. शेळी विकून ठेवलेले नऊ हजार दोनशे रुपये गेले, पोराच्या फीचे. नवऱ्याला सांगायची हिंमत झाली नाही. मजुरीतून, अंड्यांच्या पैशांतून त्या गुपचूप ते नऊ हजार साठवत होत्या, आणि बचतीच्या शंभराच्या जागी ऐंशीची घडी सतरंजीवर टाकत होत्या.

मी म्हटलं, “वहिनी, मला का नाही हो सांगितलं?”

त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही दर महिन्याला वरचे भरत होता. मला वाटलं तुम्हाला माहीतच आहे.”

आम्ही बँकेत गेलो, पोलिसांत तक्रार केली. पैसे आले नाहीत. असे पैसे चोर तासाभरात एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात हलवतात. १९३० या नंबरवर लगेच फोन केला तर मधल्याच एखाद्या खात्यात ते अडवता येतात. पाच महिन्यांनी अडवायला काय राहणार? पहिल्यांदा वीस रुपये कमी आले ते फोन आल्यानंतरच्या आठच दिवसांत. तेव्हाही उशीर झालेलाच होता, पण एवढा नाही. आणि एकटीनं ते ओझं पाच महिने वाहिलं नसतं.

तो नंबर पुन्हा सांगते, लिहून घ्या. एक नऊ तीन शून्य. आमच्या सगळ्या गटांच्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर आतून तो लिहिलाय. मोबाईलवर आलेला ओटीपी कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी सांगायचा नाही, आणि सांगून बसलात तर लाजायचं नाही. आधी १९३०, मग बँक, मग घरचे काय म्हणतील ते. वहिनींच्या घरी मी बसून त्यांच्या मालकांना सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बोलले. फीसाठी गटातून अंतर्गत कर्ज दिलं, हप्ते चालू आहेत.

ताट अजून आहे. वेळ जरा जास्त लागतो, म्हशीवाल्या कुरकुरतात. परवाच्या बैठकीत उलटंच झालं, तीन रुपये जास्त निघाले. एक जण म्हणाली, जास्तच आहेत ना, राहू द्या की. वहिनी म्हणाल्या, नाही, बघायचं. पुन्हा पहिल्या पानापासून लागलो. सव्वासात झाले तेव्हा सापडलं. दंडाचे पाच आले होते आणि सचिवानं लिहिले होते दोन.